दाताच्या दवाखान्याला सल्ला देणाऱ्याने फी कशावर घ्यावी?

पूर्वी आपल्या इंदुरात मराठी घरातला मुलगा बँकेत, वीज मंडळात किंवा शाळेत चिकटला की घर निर्धास्त होत असे. आता रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कुठेही फेरी मारा, दाताच्या डॉक्टरची पाटी दिसतेच, आणि त्या पाट्यांवर आपली आडनावे बरीच आहेत. एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली की बीडीएस घ्यायचे, हा रस्ता दोन पिढ्यांनी तुडवला आहे. इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६१ सालचे. त्या काळी शहरात दाताचे डॉक्टर बोटांवर मोजता येत. आज देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बीडीएसच्या वर्षाला २५,००० हून अधिक जागा, त्यातल्या बहुतेक खासगी. फीचे आकडे पालकांना पाठ आहेत. ते पुन्हा सांगून आम्ही कोणाची जखम उघडत नाही.

या गर्दीच्या मागोमाग आणखी एक धंदा उभा राहिला आहे: दवाखाना कसा चालवावा हे डॉक्टरला शिकवणारा सल्लागार. कोणी स्वतः दंतवैद्य असतो, पण पाठदुखीमुळे खुर्चीपाशी वाकून काम करणे जमेनासे झालेले असते. कोणी औषध कंपनीत तीस वर्षे फिरलेला प्रतिनिधी असतो, तर कोणी डॉक्टरची एमबीए झालेली पत्नी. एक लॅपटॉप, छापील कार्ड आणि आठ-दहा दवाखाने एवढ्यावर हा धंदा सुरू होतो. आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांत तो चालू आहे आणि सल्ला विकत घेणाऱ्या बाजूलाही आपलीच मुले आहेत. म्हणून हा विषय.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हा धंदा गरजेचा आहे आणि नीट केला तर त्यात बरी कमाईही आहे. पण सल्लागाराची फी दवाखान्याच्या वसुलीच्या टक्क्यांवर ठरली की तिची दलाली होते, आणि ती रुग्णाच्या दाढेतून निघते. गेल्या वर्षभरात आमच्याकडे जे करार नजरेखालून घालायला आले, त्यांत हा टक्केवारीचा प्रकारच जास्त होता.

गरजेचा का, ते पाहू. बीडीएसच्या पाच वर्षांत मुलाला रूट कॅनाल येते, दाढ काढता येते, कवळीचे माप घेता येते. भाडेकरार कसा वाचावा, असिस्टंट न सांगता रजेवर गेली तर काय करावे, लॅबचे बिल कसे तपासावे, हे फारसे कोणी शिकवत नाही. त्यात आयकर कायद्याने एक सोय करून ठेवली आहे. डॉक्टरची वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर त्यातली किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी. मग हिशेबाची पुस्तके ठेवण्याची सक्ती नाही. सोय चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. मात्र तिचा परिणाम असा झाला आहे की बहुतेक लहान दवाखान्यांत हिशेबच नसतो. कर भरलेला असतो, पैसे खात्यात येतात आणि जातात, पण महिना तोट्यात गेला की फायद्यात, हे डॉक्टरला सांगता येत नाही. दुसऱ्या खुर्चीसाठी कर्ज मागायला असा डॉक्टर बँकेत आला आणि आम्ही ताळेबंद मागितला, की तो सीएला फोन लावायचा. आमच्या नोकरीत हे दृश्य नेहमीचे होते.

आता एका दवाखान्याचे गणित मांडू. दवाखाना काल्पनिक आहे, पण आकडे शहरातल्या मध्यम वस्तीत पटण्यासारखे आहेत. एक खुर्ची. भाडे २५,००० रुपये. दोन मदतनीस मिळून पगार २४,०००. वीज, इंटरनेट, जैववैद्यकीय कचरा वगैरे ९,०००. यंत्रसामग्रीसाठी १२ लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी, म्हणजे हप्ता साधारण २०,२००. दुरुस्ती आणि किरकोळ ५,८००. झाले ८४,०००. डॉक्टरने घरी न्यायचे निदान ५०,००० धरा, एकूण १,३४,०००. जमेच्या सुमारे ३० टक्के रक्कम साहित्यात आणि लॅबला जाते असे धरले, तर महिन्याला जवळपास १,९१,००० रुपये जमा व्हायला हवेत.

महिन्याचे २५ दिवस आणि दिवसाचे आठ तास, म्हणजे खुर्चीचे २०० तास. ते सगळे भरले तर तासाला साधारण ९६० रुपये सुटले की भागते. पण नव्या दवाखान्याची खुर्ची दिवसाला आठ तास भरत नाही, तीन तास भरली तरी पुष्कळ. महिन्याचे ७५ तास. मग त्याच खर्चासाठी तासाला २,५५० रुपये लागतात. रिकाम्या तासांचे भाडे, पगार आणि हप्ता खुर्चीत बसलेल्या रुग्णाकडूनच वसूल करावा लागतो. डॉक्टर मनाने कितीही सरळ असो, महिन्याच्या २५ तारखेला हप्ता डोळ्यांपुढे असताना ‘ही दाढ फिलिंगने वाचेल की रूट कॅनाल करून टाकू’ या प्रश्नाचे उत्तर किंचित झुकते. दंतवैद्यांबद्दल लोक जी कुरकुर करतात तिच्या मुळाशी आम्हाला लबाडीपेक्षा रिकामी खुर्ची जास्त दिसते.

चांगला सल्लागार या रिकाम्या तासांवर काम करतो. तीन महिन्यांची अपॉइंटमेंटची वही घेऊन बसतो. किती जणांनी वेळ घेतली, किती आलेच नाहीत, किती जणांचे उपचार अर्धवट राहिले, सहा महिन्यांनी परत बोलावलेल्यांपैकी किती आले. ही यादी काढली की डॉक्टर स्वतः चकित होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनिस्टने एक फोन करायचा, एवढ्या साध्या गोष्टीने न येणाऱ्यांची संख्या खाली येते. सकाळचे तास रिकामे असतील तर ते दुसऱ्या एखाद्या दंतवैद्याला भाड्याने द्यावेत. मुलांच्या दातांचा किंवा हिरड्यांचा तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस बसवावा. लॅबकडून परत आलेल्या कॅप किती आणि पुन्हा कराव्या लागलेल्या किती, हेही पाहावे, कारण पुन्हा केलेल्या कॅपचे पैसे कोणी देत नाही, खुर्चीचा तास मात्र जातो.

कागदपत्रांचे कामही आहे. एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखालची परवानगी, आपल्या मध्य प्रदेशात उपचर्यागृहांच्या १९७३ च्या कायद्याखालची नोंदणी. या सगळ्यांच्या मुदती एका वहीत लिहून त्या पाळायला लावणे, हे बँकेतल्या कोणाही हेडक्लार्कला जमले असते. दवाखान्यात ते करायला माणूस नसतो.

अशा सल्लागाराला महिन्याला १२,००० रुपये ठराविक फी दिली असे धरू. दवाखान्याचा बांधलेला खर्च १,४६,००० होतो आणि लागणारी जमा २,०८,५००. जुन्याच दराने, म्हणजे तासाला २,५५० ने, ती यायला सुमारे ८२ तास भरावे लागतात. म्हणजे सल्लागाराने महिन्याला सात तास वाढवून दिले की त्याची फी वसूल. पंचवीस तास वाढवून दिले, १०० तास झाले, तर फी धरूनही तासाचा भार २,०९० वर येतो. डॉक्टरच्या जिवाला स्वस्थता आणि रुग्णालाही दर परवडणारा. आमच्या हिशेबी धंदा यालाच म्हणतात.

आता टक्केवारीचा करार घ्या. वसुलीत जी वाढ होईल तिच्या दहा टक्के सल्लागाराला. वरवर पाहता हा डॉक्टरच्या सोयीचा वाटतो, कारण वाढ नाही तर फी नाही. आपल्यातले एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, ‘‘काका, यात आमचं जातंय काय?’’ जाते ते असे. वसुली दोन वाटांनी वाढते. एक, खुर्चीचे जास्त तास भरून. ही वाट लांबची. फोन करा, वही ठेवा, सहा महिने थांबा. दुसरी, खुर्चीत आहे त्याच रुग्णाचे बिल वाढवून. ही वाट एका आठवड्याची आहे. करारात दोन्ही वाढींना दर एकच असेल तर सल्लागार कोणत्या वाटेने जाईल, हे सांगायला बँकेतला अनुभव लागत नाही. मग ‘सुचवलेल्या उपचारांना किती टक्के रुग्ण होकार देतात’ याचे तक्ते भिंतीवर लागतात, रिसेप्शनिस्टला बोनस मिळतो आणि दवाखान्यातली भाषा विम्याच्या एजंटासारखी होते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. दाताच्या दवाखान्यांना सल्ला आणि व्यवस्थापन विकण्याचा धंदा अमेरिकेत आपल्याहून फार आधी मोठा झाला, आणि तो कुठे घसरतो हेही तिथे आधी दिसले. कूल स्माइल्स नावाची लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यांची साखळी आणि तिचे व्यवस्थापन पाहणारी बेनेव्हिस ही कंपनी यांनी जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारशी २ कोटी ३९ लाख डॉलरची तडजोड केली. आरोप असा होता की गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून मुलांवर गरज नसलेले उपचार करून बिले लावली गेली. सरकारच्या म्हणण्यानुसार डॉक्टरांना उलाढालीची लक्ष्ये दिलेली होती. गाठली तर रोख बोनस, नाही गाठली तर कारवाई. तडजोड झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, तेवढे ध्यानात ठेवावे. पण लक्ष्य आणि बोनस यांची जोडी ओळखीची वाटते. आमच्या काळात बँकेच्या काउंटरवर विम्याच्या पॉलिसी विकायला लावत, तेव्हा हीच जोडी होती. असो.

स्पेनचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे, कारण तिथे कर्ज मध्ये आले. आयडेंटल नावाची स्वस्त उपचारांची जाहिरात करणारी साखळी २०१८ मध्ये बंद पडली. हजारो रुग्णांचे उपचार अर्धवट राहिले. अनेकांनी उपचाराच्या पूर्ण रकमेचे कर्ज वित्त कंपन्यांकडून आधीच काढले होते. दवाखान्याला कुलूप, तोंडात अर्धे काम, आणि हप्ते चालूच.

आपल्याकडे ‘बिनव्याजी हप्त्यांत इम्प्लांट’ असे फलक आता लागू लागले आहेत. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत, त्यामुळे खर्च खिशातून जातो, आणि सल्लागार डॉक्टरला सांगतो की हप्त्याची सोय ठेवा, रुग्ण नाही म्हणणार नाही. बिनव्याजी असे जगात काही नसते. व्याज कोणीतरी भरतो, बहुधा दवाखाना, आणि तो ते उपचाराच्या दरात आधीच घालून घेतो. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना खडसावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. आपल्या घरातले कोणी ज्येष्ठ दाताच्या खुर्चीत बसून मोबाइलवर असे कर्ज घेत असतील तर तो कागद मागावा. आणि पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या खात्यात जात असेल, तर काम पुरे होईपर्यंत डॉक्टरवर आपला धरबंध उरत नाही, हेही पाहावे.

कायद्याची बाजू डॉक्टरने जास्त नीट पाहायला हवी. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत रुग्ण मिळवून देण्याबद्दल किंवा पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे वर्ज्य आहे आणि रुग्णांना गळ घालणे, जाहिरात करणे यावर बंधने आहेत. नव्या रुग्णामागे अमुक रुपये असा करार केला तर तो या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतो, हे वकिलाला विचारूनच सही करावी. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत झाला आहे. रचना बदलली तरी जबाबदारी डॉक्टरचीच राहते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले. नको असलेल्या रूट कॅनालची तक्रार झाली तर ग्राहक मंचात डॉक्टर उभा राहील. टक्के घेऊन गेलेला सल्लागार तिथे नसेल.

रुग्णांच्या याद्यांचेही तसेच. सल्लागार पहिल्याच दिवशी फोन नंबरांची फाइल मागतो आणि ती पेन ड्राइव्हवर घरी नेतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत. ते टप्प्याटप्प्याने लागू होतील, पण सवय आतापासून लावलेली बरी: वही दवाखान्यातच पाहावी, यादी बाहेर जाऊ देऊ नये.

आता सल्लागाराच्या बाजूने बोलू, कारण तीही मुले आपलीच आहेत. त्यांचे म्हणणे असते की ठराविक फी मागितली तर डॉक्टर देत नाही, टक्केवारी मात्र चटकन मान्य करतो. हे खरे आहे. पण ठराविक फीचे गणितही करून पाहा. महिन्याला १२,००० ने तेरा दवाखाने घेतले तर वर्षाला १८ लाख ७२ हजार होतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख, म्हणजे नोंदणीची गरज नाही. चौदावा दवाखाना घेतला की २० लाख १६ हजार, मर्यादा ओलांडली. आता प्रत्येक बिलावर १८ टक्के, १२,००० चे १४,१६०. इतर धंद्यांत गिऱ्हाईक हा कर पुढे वळता करून घेते. दंतवैद्याला तसे करता येत नाही, कारण आरोग्यसेवा करमुक्त असल्याने त्याच्याकडे वळता करायला करच नसतो. वरचे २,१६० रुपये त्याचा निव्वळ खर्च. (टूथपेस्ट आणि ब्रश २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून पाचवर आले, दवाखान्याला दिलेला सल्ला अजून अठरावरच आहे.)

म्हणून एकट्याने करायचा असेल तर हा धंदा बारा-तेरा दवाखान्यांचाच बरा. प्रत्येकाकडे महिन्यातून दोन फेऱ्या म्हणजे सव्वीस दिवस भरतात, त्याहून जास्त एका माणसाच्याने होतही नाही. जो वीस-पंचवीस दवाखाने घेतो तो फेऱ्या मारत नाही, व्हॉट्सअॅपवर तक्ते पाठवतो. देवास-उज्जैनचे दवाखाने पकडले तर प्रवासाचा खर्च वेगळा लावावा, फीत मुरवू नये. आणि एकाच गल्लीतल्या दोन दवाखान्यांना एकाच वेळी सल्ला देऊ नये. आकडे कोणाचे कोणाला कळतील याची धास्ती दोघांनाही राहते आणि ती रास्त आहे.

फी टाळणाऱ्या डॉक्टरसाठी एक मधला मार्ग आमच्या पाहण्यातल्या एका तरुणीने काढला आहे. पहिले तीन महिने ती निम्मी फी घेते आणि त्या काळात फक्त मोजणी करते: तास, गैरहजेरी, अर्धवट उपचार, लॅबचे परतावे. चौथ्या महिन्यापासून पूर्ण फी. बक्षीस द्यायचेच असेल तर ते भरलेल्या तासांवर, बिलाच्या रकमेवर नाही. तिच्या करारात एक वाक्य असे आहे की कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा याविषयी सल्लागार काहीही बोलणार नाही. तिचे सात दवाखाने आहेत, आणि सातांपैकी चार पहिल्या वर्षानंतर स्वतःहून पुढे चालू राहिले. मोठा आकडा नाही. दिल्लीकडून वाढलेल्या क्लोव्ह डेंटलसारख्या साखळ्या लहान शहरांकडे वळतील तेव्हा एकट्या डॉक्टरला टिकायला असाच माणूस लागेल, असे आम्हाला वाटते. साखळीपाशी भांडवल असते आणि हिशेब ठेवणारे खाते असते. गल्लीतल्या डॉक्टरपाशी ओळखीचे रुग्ण असतात आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवून तोंड उघडतात. टक्केवारीच्या नादात तोच विश्वास गेला तर साखळीपुढे उभे राहायला त्याच्यापाशी उरते काय?

ज्यांच्या घरी असा करार सहीसाठी आला असेल, मग ते डॉक्टरचे घर असो की सल्लागाराचे, त्यांनी तो मंडळाच्या कार्यालयात ठेवून जावा. रुग्णांची नावे असलेले कागद जोडू नयेत. आम्ही दोघे-तिघे निवृत्त बँकवाले मंगळवारी संध्याकाळी तिथे असतो. मुदत किती, सोडायची सूचना किती दिवसांची, फी कशावर आणि यादी कोणाची, एवढ्या चार गोष्टी पाहून परत देऊ. फी नाही. चहा चालेल, पण कमी साखरेचा.